गट आधीपासून आहे

‘घरचे’ नावाचा गट आधीपासून अस्तित्वात आहे. स्थापना थांबवण्यात आली आहे.

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माळशेंदच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या माझ्या खोलीत, पडद्यावर ही दोन वाक्यं उमटली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गट अस्तित्वात आहे हे मला यंत्रानं सांगायची गरज नव्हती. तो मीच बनवला होता, सहा वर्षांपूर्वी, याच मोडक्या खुर्चीत बसून. सगळ्या महाराष्ट्रात तो फक्त इथेच होता, आणि म्हणूनच सगळ्या महाराष्ट्रात कंपनीच्या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती फक्त इथेच अडली होती.

मी सुवर्णा माळवदे, इथली तंत्रज्ञ. एकतीस माणसांची मूत्रपिंडं माझ्या टेबलावर आहेत, असं मी चेष्टेनं म्हणते. चेष्टा फारशी नाही. आमच्या तालुक्यातली एकतीस माणसं कमरेला पट्टा बांधून जगतात. पट्ट्यात केसापेक्षा बारीक नळ्या असतात, नळ्यांच्या आतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशींचं अस्तर असतं, आणि माणसाचं रक्त दिवसभर त्यातून हळूहळू फिरत राहतं. पूर्वी आठवड्यातून तीनदा चार-चार तास मोठ्या यंत्राला बांधून पडावं लागायचं. आता माणूस पट्टा बांधून बाजाराला जातो.

घाण गाळणं पट्ट्याला सोपं जातं. अवघड असतं ते पाणी. शरीरातून किती पाणी ओढायचं हे पट्ट्याला ठरवावं लागतं. कमी ओढलं तर पाय सुजतात, धाप लागते. जास्त ओढलं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. पट्टे बनवणाऱ्या कंपनीनं हे गणित कुठल्यातरी थंडगार खोलीत, खुर्चीवर बसलेल्या माणसांवर मांडलं होतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये बेचाळीस अंश असतात. माणूस घामानं अर्धा होतो, आणि पट्टा आपला वर्गातल्या हुशार मुलासारखा ठरलेलं पाणी ओढतच राहतो. पहिल्या उन्हाळ्यात महिन्याला नऊ-नऊ माणसं बेशुद्ध होऊन आमच्या दारात यायची.

पाण्याची ही ओढ कमी करायची परवानगी फक्त डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ या तीन गटांना होती. संगणक माणसं ओळखत नाही, गट ओळखतो. तुम्ही कोण आहात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुम्ही कुठल्या गटात आहात तेवढं तो बघतो आणि दार उघडतो किंवा उघडत नाही. आता शेतात पडलेल्या माणसाशेजारी डॉक्टर कुठून असणार? म्हणून मी चौथा गट उघडला आणि त्याला नाव दिलं ‘घरचे’. पट्टा बांधायच्या दिवशी मी पेशंटला विचारायची, तुमचं घरचं कोण? तो ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याचा अंगठा मी पडद्यावर घ्यायची, आठ दिवस शिकवायची, आणि ठरावीक मर्यादेत ओढ कमी करायची परवानगी द्यायची. कागद मागायची नाही. पुढच्या उन्हाळ्यात महिन्याला एखादाच पेशंट यायला लागला.

हे सगळं मी अकरा पानं लिहून कंपनीला कळवलं. ‘आपली सूचना नोंदवली आहे’ असं उत्तर आलं. त्यानंतर चार वर्षं काही नाही. आणि आता सातव्या आवृत्तीची जाहिरात आली, हसऱ्या जोडप्याच्या फोटोसकट. पट्ट्यावर आता घरच्यांचा हात, ‘घरचे’ ही आमची नवी सुविधा. नाव बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. मी त्या दिवशी चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान तुटला.

नवी आवृत्ती येते तेव्हा तिच्याबरोबर कामांची यादी येते. अमुक फाइल ठेव, तमुक जुनी काढ. या यादीतलं पहिलंच काम होतं ‘घरचे’ नावाचा गट तयार कर. आमच्या संगणकानं सांगितलं की असा गट आहे. यादीत त्यापुढे लिहिलं होतं, गट तयार झाला नाही तर सगळं थांबव. तेवढ्यावर सगळं थांबलं. आणि जुनी आवृत्ती रविवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होती. सुरक्षिततेसाठी, असं पत्रात म्हटलं होतं. रविवारी बारानंतर एकतीस पट्टे चालणार नव्हते आणि आमच्याकडे जुनी मोठी यंत्रं उरली होती दोन.

मदतीच्या नंबरावर एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं की तो गट पुसून टाका, मग होईल. पुसला तर त्यातल्या माणसांचं काय, असं मी विचारलं. त्यांची नव्यानं नोंद करा, ती म्हणाली, फक्त आता नोंदीसाठी रक्ताचं नातं किंवा लग्न यांचा सरकारी पुरावा लागेल.

मी यादी काढून बसले. एकतीसपैकी एकोणीस जणांचे ‘घरचे’ कुठल्याच कागदावर घरचे नव्हते. निवृत्त पोस्टमनचं घरचं माणूस म्हणजे स्टँडवरचा हॉटेलवाला, कारण पोस्टमन दोन्ही वेळ तिथेच जेवतो. सोनाबाईंचं घरचं माणूस म्हणजे त्यांच्याकडे भाड्यानं राहणाऱ्या शाळेतल्या बाई. आणि तेवीस नंबरला होते रामचंद्र माळवदे, शिंपी. माझे वडील. त्यांच्यापुढे नाव होतं शकिला मुजावर.

हे लिहिताना अजूनही मला टोचतं, तेव्हा सांगूनच टाकते. अण्णांना पट्टा बांधला त्या दिवशी मी दोन फुटांवर उभी होते. तुमचं घरचं कोण, असं मीच विचारलं. त्यांनी माझ्यामागे दाराशी उभ्या असलेल्या शकिलामावशींकडे बोट दाखवलं. मावशी बावीस वर्षं त्यांच्या दुकानात काजं-बटणं करतात. आई गेल्यावर दुकान त्यांनीच सावरलं. गावानं त्यावर जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग गावाला कंटाळा आला. मी तीन आठवडे अण्णांशी बोलले नाही. मग एकदा दुपारी दुकानात गेले तर मावशी अण्णांच्या कमरेशी वाकून ओढ कमी करत होत्या, काही न विचारता, सुईत दोरा ओवावा इतक्या सहज. अण्णा सकाळी दोन तांबे पाणी पितात, चहाआधी वर अर्धा, आणि मग पत्र्याखाली कोळशाच्या इस्त्रीपुढे दुपारपर्यंत ते सगळं घामानं घालवतात. हे मावशींना माहीत होतं. मला, त्यांच्या तंत्रज्ञ मुलीला, माहीत नव्हतं.

कंपनीच्या कामांच्या यादीच्या तळाशी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. मी सहज खाली गेले. मल्हार माळवदे.

मल्हार माझा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहावीत होता. त्याचे डबे मी भरले, त्याच्या शाळेच्या सभांना मी गेले. ‘घरचे’ गट उघडला त्या उन्हाळ्यात तो इंजिनीअरिंगच्या सुट्टीत इथे आला होता, आणि गट उघडायचा आदेश माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्यानंच टाइप केला होता. नाव सुचवलं मी, कळा दाबल्या त्यानं. आता तो पुण्यात त्याच कंपनीत होता.

मी फोन केला. तो आधी हसला, मग समजावायला लागला, मग त्याचा आवाज साहेबांचा झाला. गट आधीच सापडला तर थांबायचं, हे त्यानं मुद्दाम लिहिलं होतं.

“ताई, असा गट आधीच असणं म्हणजे कुणीतरी परवानगी नसताना यंत्रात हात घातलाय, असं आम्ही धरतो.”

“तो हात तुझाच होता,” मी म्हटलं.

तो म्हणाला की तेव्हा तो विद्यार्थी होता, आणि कंपनी हॉटेलवाल्यांच्या हातात रुग्णांचं रक्त देऊ शकत नाही. उद्या कुणी मेलं तर जबाबदार कोण? मी विचारलं की त्या जाहिरातीखाली माझं नाव का नाही. त्यावर तो म्हणाला की असं कुणाचंच नाव नसतं. शेवटी चाचरत त्यानं मूळ मुद्दा काढला. अण्णांच्या पट्ट्याची चावी त्या बाईच्या हातात असावी हे त्याला पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. ‘ती बाई’ असं तो म्हणाला. ज्या बाईनं त्याच्या शाळेच्या चड्ड्या शिवल्या होत्या, ती बाई. मी फोन ठेवला नाही, आपटला.

बुधवार नुसत्या पत्रांत गेला. माझी चार पत्रं गेली, त्यांची चार उत्तरं आली, चारही एकसारखी. गट पुसा.

मला न सांगता मल्हारनं बुधवारी संध्याकाळी आणखी एक काम केलं. नवी आवृत्ती कशी छान चालते हे मला दाखवून द्यावं म्हणून त्यानं अण्णांचा एकट्याचा पट्टा आमच्या संगणकावरून काढला आणि थेट कंपनीच्या संगणकाला जोडला. कागद त्याच्याकडे होतेच. मुलगा आहे तो. घरचा म्हणून त्याची नोंद अर्ध्या मिनिटात झाली.

गुरुवारी सकाळी अण्णा दोन तांबे पाणी प्याले, वर अर्धा. पट्ट्याला वजन वाढलेलं दिसलं. दहा वाजता त्यानं पुण्यात मल्हारच्या फोनवर विचारलं, जादा पाणी काढू का? मल्हार मीटिंगला निघाला होता. त्यानं होकाराचं बटण दाबलं आणि फोन बंद करून खिशात ठेवला.

पावणेबाराला मला शकिलामावशींचा फोन आला. अण्णा इस्त्रीच्या टेबलावर कोसळले होते. पट्टा ठणाणा वाजत होता. मावशींनी अंगठा लावला तर पडदा म्हणत होता, तुम्ही या गटात नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पट्टा बंद करायचं बटण असतं, पण नळ्यांत रक्त थांबलं की गोठतं, म्हणून तेसुद्धा गटातल्या माणसाच्या अंगठ्याशिवाय चालत नाही. रक्तदाब घसरलेला पट्ट्याला कळला होता. थांबू का, असं तो शहाण्यासारखा विचारत होता. मल्हारच्या बंद फोनला विचारत होता.

मी माझ्या पडद्यावर बघितलं. तेवीस नंबर रिकामा होता. माझे वडील माझ्या यादीत नव्हते. मी मल्हारला फोन लावला, पुन्हा लावला, नऊ वेळा लावला. आयुष्यात मी कुणाला दिल्या नाहीत अशा शिव्या त्या बंद फोनला दिल्या, आणि परिचारिका दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

मावशींनी मात्र डोकं थाऱ्यावर ठेवलं. हाताशी कात्री होती, पण त्यांनी नळ्यांना लावली नाही. कापल्या तर रक्त वाहून माणूस जाईल हे त्यांना मी शिकवलेल्या आठ दिवसांत पक्कं समजलं होतं. त्यांनी अण्णांचे पाय कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवले, कापड नेणारी टमटम थांबवली आणि त्यांना मांडीवर घेऊन आल्या. दारातच मी नळ्यांना चिमटे लावले, पट्टा सोडवला, सलाईन धावतं केलं. अण्णांनी डोळे उघडले तेव्हा बारा वाजून सात मिनिटं झाली होती. मगच आम्ही त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. पडताना तो गरम इस्त्रीखाली गेला होता. तळवा आणि अंगठा पार भाजले होते. पन्नास वर्षं त्याच हातानं त्यांनी कापड बेतलं. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण अंगठा पूर्वीसारखा मिटणार नाही.

मल्हार शुक्रवारी सकाळी आला. पांढराफटक. मी त्याला पाणीही विचारलं नाही. अण्णा मोठ्या यंत्राला बांधलेले होते, उशाशी मावशी बसल्या होत्या. तो आला तशा त्या उठून बाजूला व्हायला लागल्या, तर अण्णांनी डाव्या हातानं त्यांचा पदर धरला.

“बस,” ते मावशींना म्हणाले. मग त्याच्याकडे बघून म्हणाले, “मल्हार, सकाळी मी पाणी किती पितो, सांग बघू.”

मल्हारनं मावशींकडे बघितलं. अण्णांनी मान फिरवून डोळे मिटले. एवढंच. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. त्यांच्या वाटणीचं ओरडायला मी होतेच.

मी त्याला दंडाला धरून माझ्या खोलीत आणलं आणि मोडक्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर मंगळवारची ती दोन वाक्यं तशीच होती. मी म्हटलं, बदल. तो म्हणाला, असं बदलता येत नाही, तपासणीला तीन आठवडे लागतात, तीन साहेबांच्या सह्या लागतात. थेट बदल चढवायची कंपनीची गुप्त किल्ली त्याच्याकडे होती, पण ती अशी वापरली तर नोकरी जाईल, असंही तो म्हणाला.

मी त्याला अण्णा सोडून बाकीच्या पट्ट्यांची यादी वाचून दाखवली. तीस नावं. प्रत्येकापुढचं घरचं माणूस कोण, ते काय करतं, किती वेळा त्यानं पेशंटला वाचवलं, सगळं. हॉटेलवाल्यानं पोस्टमनला चौदा वेळा. शाळेतल्या बाईंनी सोनाबाईंना नऊ वेळा. बाविसाव्या नावाला तो म्हणाला, पुरे.

“पुरे नाही,” मी म्हटलं. “रविवारी बारा वाजता या तीस जणांना मी दोन यंत्रांवर कसं झोपवू, ते तू मला कागदावर मांडून दे. मग जा पुण्याला.”

त्यानं खुर्ची पडद्याकडे ओढली. मग त्यानं आवृत्तीच्या कामांची यादी उघडली. ‘गट असेल तर थांबव’ ही ओळ खोडली आणि त्या जागी एकच ओळ लिहिली. गट आधीपासून असेल, तर तो आहे तसा राहू दे आणि पुढे जा.

एक ओळ. ती लिहायला त्याला वीस सेकंदं लागली. संताप मला त्या वीस सेकंदांचा येतो. यंत्र वाईट नव्हतं, गणित चुकलं नव्हतं. फक्त आपल्या आधी इथे कुणीतरी काहीतरी शहाणपणाचं करून ठेवलं असेल, हे पुण्यातल्या त्या काचेच्या खोलीत कुणाच्या मनातच आलं नाही. आणि ज्याला ते माहीत होतं तो तर आमचाच होता.

त्यानं किल्ली लावली. आवृत्ती चढायला लागली. एकेक करून तीस पट्टे हिरवे झाले आणि गटातली सगळी माणसं होती तिथेच राहिली. दुपारी अण्णांना पुन्हा पट्टा बांधला. त्यांचा पट्टा परत माझ्या यादीत यायचा तर आधी मल्हारला स्वतःचं नाव काढावं लागणार होतं. एका पट्ट्याला घरचं माणूस एकच. त्यानं पडद्यावर अंगठा टेकवला आणि आपलं नाव पुसलं. मग मी विचारलं, मला विचारावंच लागतं, अण्णा, तुमचं घरचं कोण? उजवा हात बांधलेला होता. त्यांनी डाव्या हाताचं बोट दाखवलं. मावशींनी अंगठा लावला.

सोमवारी कंपनीनं मल्हारला घरी बसवलं. महिन्याभरानं कंपनीनं सगळ्या रुग्णालयांना पत्र पाठवलं की यादीत एक सुधारणा करण्यात आली आहे. कुणी केली ते त्यात नव्हतं. मी ते पत्र फ्रेम करून खोलीत लावलं आहे, राग शिळा होऊ नये म्हणून.

मल्हार परत पुण्याला गेला नाही. दुकानात अण्णांच्या जागी कापड बेतायला माणूस हवा होता, आणि त्याला ते येत नव्हतं. एक दिवस त्यानं मावशींना चाचरत विचारलं, तुम्ही आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर तेवढ्यापुरतं माझं नाव लावता येईल का? मी शेजारीच होते. मावशींनी सुई दातात धरली होती, ती काढली.

“आधी चार महिने हितं बस,” त्या म्हणाल्या. “त्यांचं पाणी बघ, घाम बघ. मग इचार.”

तो बसला. काजं करायला शिकला, वाकडीतिकडी. मी त्याच्याशी अजून धड बोलत नाही. दुकानात जाते, अण्णांचा हात बघते, मावशींशी बोलते आणि येते. जळलेला अंगठा दिसला की सगळं पुन्हा वर येतं, आणि ते येऊ नये असं मला वाटतही नाही.

चार महिने झाले. मावशी काल लेकीकडे मिरजेला गेल्या. आज सकाळी साडेसातला माझा फोन वाजला. मल्हार होता.

“ताई,” तो म्हणाला, “दोन तांबे. चहाआधी वर अर्धा. आज ऊन जास्त आहे, अकराला ओढ कमी करायला हवी.”

मी फोन ठेवला नाही. पडद्यावर तेवीस नंबर उघडला आणि मावशी परत येईपर्यंत त्यांच्या जागी त्याचा अंगठा मागितला.